शिंपल्यांच्या चुन्यापासून हाडांसाठी आयन-बदली सिरॅमिक: छोट्या प्रयोगशाळेसाठी कृती

हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटच्या) पावडरीत मॅग्नेशियम, झिंक किंवा स्ट्रॉन्शियम टाकलं म्हणजे ते स्फटिकात गेलंच, असं नाही. ते कॅल्शियमच्या जागेवर बसलेलं असेल, कणांना वरून चिकटलेलं असेल, वेगळ्याच फेजमध्ये (वेगळ्या रचनेच्या पदार्थात) असेल, नाहीतर गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेलं असेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पांत ही शेवटची गत सर्रास होते आणि अहवालात मात्र ‘५ टक्के मॅग्नेशियम’ असं लिहिलेलं असतं. ते टळावं म्हणून या कृतीत जागोजागी तपासण्या घातल्या आहेत. त्या वगळून नुसती कृती केली तर पांढरी पावडर मिळेल, पण ती काय आहे हे कळणार नाही.

आयन घालायचं कारण थोडक्यात असं. हाडातलं खनिज शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइट नसतं. त्यात वजनाने ४ ते ८ टक्के कार्बोनेट असतं. सोडियम, मॅग्नेशियम, थोडं झिंक आणि स्ट्रॉन्शियम असतं. ११००-१२०० अंशांवर भाजलेलं शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइट शरीरात फार सावकाश विरघळतं. आयन-बदलीने विरघळण्याचा वेग बदलतो आणि सुटणारे आयन हाडाच्या पेशींवर परिणाम करतात. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे हाडांच्या ठिसूळपणावरचं, तोंडाने घ्यायचं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे युरोपात निर्बंधांत अडकलं. स्ट्रॉन्शियम हाडाच्या जागीच, थोड्या मात्रेत सुटावं या कल्पनेला त्यामुळे जोर आला.

शिंपले कोणते आणि कुठले

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांवर तिसऱ्या आणि कालवं दोन्ही मुबलक. एकाच जातीचे शिंपले घ्या, मिसळू नका. तिसऱ्यांचं कवच ॲरगोनाइटचं, कालवांचं बहुतांशी कॅल्साइटचं. ॲरगोनाइटच्या जाळीत स्ट्रॉन्शियम सहज मावतं, कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम. म्हणजे तुम्ही काही घालायच्या आधीच कच्च्या मालात आयन आहेत, आणि ते किती हे मोजल्याशिवाय पुढचा हिशोब खोटा ठरतो.

बंदराच्या धक्क्याजवळचे, होड्या रंगवतात तिथले शिंपले घेऊ नका. होडीच्या बुडाला लावायच्या रंगात तांबं असतं, जुन्या रंगांत शिसंही. शस्त्रक्रियेसाठीच्या हायड्रॉक्सीॲपेटाइटला एएसटीएम एफ११८५ या मानकाने आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५ आणि शिसं ३० पीपीएम (दहा लाखात भाग) अशी कमाल मर्यादा घातली आहे, आणि एकूण जड धातू ५० पीपीएमच्या आत हवेत. घरात शिजवून झालेल्या तिसऱ्यांची टरफलं उत्तम: मांस निघालेलं असतं, फक्त मीठ आणि तेल काढायचं उरतं.

माशांचे काटे भाजूनही हायड्रॉक्सीॲपेटाइट मिळतं आणि ते सोपं आहे. पण त्यातलं आयनांचं प्रमाण माशाने ठरवलेलं असतं. आपल्याला ते आपण ठरवायचं आहे, म्हणून इथे तो रस्ता नाही.

चुना आणि कॅल्शियमचा साठा-द्राव

१२० ग्रॅम टरफलं ब्रशने घासून एक दिवस पाण्यात ठेवा, पाणी तीन-चारदा बदला. मग २ टक्के नायट्रिक आम्लात एक मिनिट बुडवून लगेच धुवा; वरचा तपकिरी थर आणि खाडीचा गाळ सुटतो. वाळवून चिनी मातीच्या खलात जाडसर फोडा. लोखंडी खलबत्ता वापरू नका, लोह इथूनच शिरतं. सड्यावरच्या कॉलेजांत उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ प्रत्येक पृष्ठभागावर बसते, ती पण लोहच. वाळवताना झाकण हवं.

ॲल्युमिनाच्या मुशीत भरून मफल भट्टीत मिनिटाला ५ अंश या गतीने ९५० अंश सेल्सियसपर्यंत न्या आणि ३ तास ठेवा. ३०० ते ५०० अंशांदरम्यान कवचातली प्रथिनं जळून उग्र वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ४४ टक्के वजन घटतं. १०० ग्रॅमचे ५६ ग्रॅम उरायला हवेत. ६० च्या वर उरले तर आतला भाग कच्चा आहे, पुन्हा भाजा.

इथे कोकणातली मुख्य अडचण येते. कॅल्शियम ऑक्साइड उघड्यावर राहिलं की हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, आणि आषाढ-श्रावणात हे बघताबघता होतं. ५६ ग्रॅमचे पूर्ण फुटून, म्हणजे पाणी पिऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड होऊन, ७४ ग्रॅम होतात. बाजारचं कॅल्शियम नायट्रेट घेतलं तरी सुटका नाही, तेही पावसाळ्यात बाटलीतच पाणी धरतं. त्यामुळे घन पदार्थ तोलून कॅल्शियमचा हिशोब कधीच करायचा नाही. द्राव करा, त्याचं अनुमापन (टायट्रेशन) करा आणि पुढे फक्त मिलिलिटर मोजा.

सुमारे ६६ ग्रॅम चुना ४०० मिलि पाण्यात हळूहळू फोडा. पाणी चुन्यावर ओतू नका, चुना पाण्यात टाका. उकळी फुटून अंगावर उडतो. चष्मा हवाच. मग धुराड्याच्या कपाटात, ढवळत, ६९-७० टक्के तीव्रतेचं नायट्रिक आम्ल १२५ मिलि थेंबाथेंबाने घाला. हे आम्ल मुद्दाम थोडं कमी धरलं आहे. शेवटी तळाला थोडा चुना उरला पाहिजे आणि पीएच १२ च्या आसपास राहिला पाहिजे, कारण त्या पीएचला लोह आणि शिंपल्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं. दोन तास ढवळून गाळा. गाळणकागदावर तपकिरी झाक दिसली तर लोह तिथेच अडकलं असं समजा. गाळलेल्या द्रावात आता कॅल्शियम आणि शिंपल्याचं स्ट्रॉन्शियम उरलं. नायट्रिकचे थेंब घालून पीएच ६ वर आणा आणि एक लिटर करा.

पाणी कायम डीआयोनाइज्ड, आणि वापरण्यापूर्वी १५ मिनिटं उकळून झाकून गार केलेलं. बॅटरीत घालायचं बाटलीतलं पाणी चालत नाही. खाडीलगतच्या विहिरीचं तर विचारूच नका.

अनुमापन: साठा-द्रावाचे १० मिलि घेऊन एक लिटर करा. त्यातले २५ मिलि, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२-१३, पॅटन-रीडर दर्शक, ०.०१ मोलार ईडीटीए (कॅल्शियमला धरून ठेवणारं अभिकारक). २५ मिलिच्या जवळपास वाचन यावं. समजा तिन्ही वाचनांत २४.६ मिलि आलं, तर साठा ०.९८४ मोलार. हा आकडा तारखेसह बाटलीवर लिहा.

हिशोब

सगळा खेळ या एका गुणोत्तराचा आहे: कॅल्शियम आणि बदली धातू यांची बेरीज भागिले फॉस्फरस, बरोबर १.६७. धातू वरून टाकायचा नाही, तेवढे मोल कॅल्शियम काढून टाकायचा. सुमारे २० ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल हायड्रॉक्सीॲपेटाइटसाठी धातू एकूण ०.२० मोल आणि फॉस्फेट ०.१२ मोल. डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट १५.८५ ग्रॅम, सगळ्या घाण्यांना तेवढंच.

– शुद्ध, तुलनेसाठी: कॅल्शियम ०.२०० मोल.
– मॅग्नेशियम ५ मोल टक्के (धातूच्या दर शंभर अणूंत पाच): कॅल्शियम ०.१९० मोल, मॅग्नेशियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट २.५६ ग्रॅम.
– स्ट्रॉन्शियम ५ मोल टक्के: कॅल्शियम ०.१९० मोल, निर्जल स्ट्रॉन्शियम नायट्रेट २.१२ ग्रॅम.

साठा ०.९८४ मोलार असेल तर ०.१९० मोलसाठी १९३ मिलि. मॅग्नेशियम नायट्रेटही ओल धरतं. त्याचाही छोटा द्राव करून ईडीटीएने मोजला तर उत्तम.

किती टक्के घालावं? कॅल्शियम आयनाची त्रिज्या १०० पिकोमीटर, मॅग्नेशियमची ७२, झिंकची ७४, स्ट्रॉन्शियमची ११८. स्ट्रॉन्शियम मोठं असूनही जाळीत कुठल्याही प्रमाणात बसतं. मॅग्नेशियम आणि झिंक लहान, ते जाळी बिघडवतात; १० मोल टक्क्यांच्या पुढे गेलं की स्फटिकपणाच जातो. पहिल्या खेपेला मॅग्नेशियम ५ आणि झिंक २ च्या वर जाऊ नये.

अवक्षेपण

कॅल्शियम आणि बदली धातू दोन लिटरच्या बीकरमध्ये, एकूण ४०० मिलि. वरून फिरणारी ढवळणी लावा, चुंबकाची कांडी शेवटी दाट रबडीत अडकते. तापमान ६० अंश. अमोनियाने पीएच ९ करा, त्याहून वर आत्ताच नाही. फॉस्फेट यायच्या आधी पीएच १० झाला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि मग जाळीत जायला नाखूश असतं.

फॉस्फेट ४०० मिलि पाण्यात विरघळवून अमोनियाने पीएच १० करा आणि दोन तासांत सोडा. मिनिटाला ३.३ मिलि. पेरिस्टाल्टिक पंप नसेल तर सलाइनचा सेट लावा: साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिलि, तेव्हा मिनिटाला ६६ थेंब. पाव द्राव पडला की पीएच १० ते १०.५ वर न्या आणि तिथेच धरा. फॉस्फेट पडत जातो तसा पीएच उतरतो, वर गरम द्रावातून अमोनिया उडत राहतो. २५ टक्के अमोनिया अभिक्रियेच्या हिशोबाने १२ मिलि लागतो. उडणारा धरून ५० मिलि तरी हाताशी ठेवा. पीएच गरम बीकरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून मोजू नका. थोडा नमुना काढून गार करून मोजा.

वीज जाण्याचा विचार आधी करा. भर टाकत असताना ढवळणी थांबली तर तो घाणा टाकून द्यावा लागतो, कारण थेंब पडतो तिथे एक प्रमाण आणि तळाशी दुसरं असं होतं. एकदा सगळा फॉस्फेट पडून गेला की तासभर वीज गेली तरी बिघडत नाही. पावसाळ्यात ढवळणी इन्व्हर्टरवर ठेवावी, हीटर नसला तरी चालेल.

भर संपली की ८० अंशांवर २ तास, मग झाकून साध्या तापमानाला २० तास. पीएच ९ च्या खाली गेला असेल तर कॅल्शियम कमी पडलेलं ॲपेटाइट तयार झालेलं असतं.

मॅग्नेशियमच्या घाण्यात आणखी एक खोड आहे. अमोनियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम गार द्रावात एकत्र आले की मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, म्हणजे मूतखड्यात सापडतं ते स्ट्रुवाइट, वेगळं बसू शकतं. म्हणून भर गरम द्रावातच टाकायची.

धुताना पहिली दोन पाणी सौम्य अमोनियाची, नंतर साधं उकळून गार केलेलं, गाळलेल्या पाण्याची वाहकता ५० मायक्रोसीमेन्सच्या खाली येईपर्यंत. पहिल्या गाळलेल्या पाण्याचे १०० मिलि बाटलीत जपून ठेवा, त्याचं आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारी प्लाझ्मा चाचणी) करायचं आहे. उरलेलं गाळलेलं पाणी आटवून बघायचा मोह टाळा: या एका घाण्यातून सुमारे ३२ ग्रॅम अमोनियम नायट्रेट निघतं, ते सुकवून तापवणं धोक्याचं आहे. भरपूर पाण्यात पातळ करून कॉलेजच्या सांडपाण्याच्या नियमाप्रमाणे लावा.

९० अंशांवर रात्रभर वाळवा, अगेटच्या खलात घोटा, ७५ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून काढा.

झिंकची वाट वेगळी

झिंकसाठी वरची कृती वापरू नका. झिंक जादा अमोनियाबरोबर विरघळणारा संकुल करतं आणि धुण्यात निघून जातं. तांबं आणि चांदीचंही तसंच. तांब्याचं गाळलेलं पाणी निदान निळं दिसतं, झिंक चुपचाप जातं.

त्याऐवजी चुना आणि फॉस्फोरिक आम्ल. ०.३२६ ग्रॅम झिंक ऑक्साइड, म्हणजे ०.००४ मोल, ०.१२ मोल फॉस्फोरिक आम्लाच्या ३०० मिलि द्रावात विरघळवा. ८५ टक्के आम्लाचे ८.२ मिलि होतात. हे आम्लही ओल धरतं, तेव्हा अनुमापन करूनच घ्या. ताज्या फोडलेल्या चुन्याचं ०.१९६ मोल कॅल्शियमचं निलंबन ४०० मिलि पाण्यात करा. त्यातला थोडा नमुना आम्लात विरघळवून ईडीटीएने आधी मोजून घ्या. झिंकवालं आम्ल या चुन्यात तीन तासांत थेंबाथेंबाने सोडा. पीएच १२ वरून उतरत येतो; ९ च्या खाली जाऊ लागला तर अमोनियाचे दोन-चार थेंब पुरेत. उपपदार्थ फक्त पाणी, त्यामुळे धुण्याचं कामही कमी. तोटा असा की शिंपल्यातलं मॅग्नेशियम या वाटेने पावडरीत राहतं.

काय झालं ते कसं ओळखायचं

पहिली तपासणी फुकटची. थोडी पावडर १००० अंशांवर २ तास भाजा, गार झाल्याबरोबर पाण्यात टाकून फिनॉल्फ्थॅलिन घाला. गडद गुलाबी झालं तर मोकळा चुना आहे, म्हणजे धातू जास्त किंवा फॉस्फेट कमी पडलं.

मग एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन; शिखरांचे अंश कोनाचे, तापमानाचे नव्हेत), वाळवलेल्या आणि १००० अंशांवर भाजलेल्या अशा दोन्ही नमुन्यांचं. कोकणात सोय नसेल तर आयआयटी मुंबई किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शुल्क भरून करून मिळतं. तांब्याच्या के-अल्फा किरणांना हायड्रॉक्सीॲपेटाइटची मुख्य शिखरं २५.९, ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर येतात. ३१.० आणि २७.८ वर काही दिसलं तर बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (दुसऱ्या रचनेचं कॅल्शियम फॉस्फेट), ३७.३ वर असेल तर कॅल्शियम ऑक्साइड. वाळवलेल्या नमुन्याचा एक्सआरडी एकटा फसवतो: शिखरं रुंद असतात आणि कॅल्शियम कमी पडलेलं ॲपेटाइटही त्यात अगदी साजूक दिसतं. भाजल्यावरच ते उघडं पडतं.

मॅग्नेशियमच्या नमुन्यात मात्र गुणोत्तर १.६७ असूनही भाजल्यावर ३१ अंशांवर शिखर येऊ शकतं, कारण मॅग्नेशियमला बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची जाळी जास्त मानवते. ही चूक नव्हे, पण मग पदार्थाला ‘मॅग्नेशियम-हायड्रॉक्सीॲपेटाइट’ म्हणू नये. तो दोन फेजचा आहे, तसं लिहा. दोन फेजची सिरॅमिकं हाडात वापरली जातातच.

शिखर सरकलं म्हणजे आयन जाळीत गेला, असा पुरावा दिला जातो. स्ट्रॉन्शियम ५ मोल टक्के असताना २५.९ अंशांवरचं शिखर जेमतेम ०.०७ अंश खाली सरकतं. नमुना धारकात ०.१ मिमी खालीवर बसला, तर २०० मिमी त्रिज्येच्या यंत्रावर सुमारे ०.०६ अंशांची चूक होते. म्हणून पावडरीत थोडं शुद्ध सिलिकॉन मिसळा. त्याचं शिखर २८.४४ वर येतं, त्याच्याशी पट्टी जुळवा. हे केलेलं नसेल तर सरकलेल्या शिखराचं चित्र छापण्यात अर्थ नाही.

शेवटी आयसीपी: पावडरीचं, गाळलेल्या पाण्याचं आणि साठा-द्रावाचं. पावडरीतलं आणि गाळलेल्या पाण्यातलं यांची बेरीज घातलेल्याशी जुळली पाहिजे. मॅग्नेशियम बरेचदा घातल्यापेक्षा कमी सापडतं. अहवालात सापडलेला आकडा लिहा, घातलेला नाही. पृष्ठभागावर किती आहे ते पाहायचं तर पावडर पीएच ७.४ च्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर ठेवा. पहिल्या तासात भसकन सुटतं ते बव्हंशी वरचं, नंतर सावकाश येतं ते आतलं.

गोळी आणि सच्छिद्र तुकडा

वाळवलेली पावडर थेट दाबू नका. तिचे कण इतके बारीक असतात की पाणी धरतात आणि भाजताना तडे जातात. आधी ८०० अंशांवर २ तास. मग १३ मिमीच्या साच्यात १ ग्रॅम, दीड टन भार. दाब साधारण ११० मेगापास्कल होतो. ११५०-१२०० अंश, २ तास. १३०० च्या वर हायड्रॉक्सिल निघून जाऊन पदार्थाचं विघटन होतं.

हाडाला आत शिरायला जोडलेली, १०० मायक्रॉनहून मोठी छिद्रं लागतात. पॉलियुरेथेन फोमचा तुकडा, २० ग्रॅम पावडर, १३-१५ मिलि पाणी, ३ टक्के पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि थोडं अमोनियम पॉलिॲक्रिलेट. फोम रबडीत दाबून सोडा, जादा पिळून काढा, वाळवा, पुन्हा एकदा बुडवा. पावसाळ्यात हे तुकडे वरून कोरडे लागतात आणि आत ओले राहतात. १२० अंशांवर २ तास ठेवल्याशिवाय भट्टी पुढे नेऊ नका, वाफेने तुकडा फुटतो. मग मिनिटाला १ अंश या गतीने ६०० पर्यंत, तिथे एक तास, पुढे मिनिटाला ३ अंश. फोम जळताना विषारी धूर येतो, भट्टी धुराड्याखालीच हवी. भट्टीत आधी कुणी तांबं-शिसं भाजलं असेल तर झाकणाची मूस वापरा.

पेशींच्या चाचणीपूर्वी

बारीक ॲपेटाइट पावडर पेशींच्या पोषक द्रवातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट ओढून घेते. पेशी मरतात त्या भुकेने, आणि दोष झिंकवर जातो. नमुना आधी पोषक द्रवात दिवसभर भिजवून तो द्रव बदला, आणि त्याच साठा-द्रावातून, त्याच भट्टीत केलेला शुद्ध नमुना शेजारी ठेवा. बाजारची शुद्ध पावडर तुलनेला चालत नाही, तिच्यात शिंपल्याचं स्ट्रॉन्शियम नसतं.

यातलं काहीही माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात घालायचं नाही. त्यासाठी आयएसओ १०९९३ मालिकेतल्या जैविक चाचण्या, प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची मान्यता आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो. दाताच्या खड्ड्यात घालून बघायला पावडर मागणारा ओळखीचा डॉक्टर भेटला तरी उत्तर हेच.

उरलेली पावडर दुहेरी झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलसह. चिठ्ठीवर शिंपल्याची जात आणि खाडी, साठा-द्रावाची तारीख व मोलारिटी, घातलेलं आणि सापडलेलं आयनाचं प्रमाण, शेवटचा पीएच आणि भाजल्याचं तापमान.